रोपवाटिका हलवण्याचा सोपा समज

नागपुरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांच्या कडेला रोपवाटिका आहेत. वर्धा मार्ग, अमरावती मार्ग, काटोल मार्ग, हिंगणा मार्ग, उमरेड मार्ग: कुठे एखाद्या संस्थेच्या कुंपणभिंतीला लागून, कुठे मोकळ्या भूखंडावर, कुठे पदपथ आणि नाली यांच्या मधल्या मातीच्या पट्ट्यावर. बोलण्यात सगळे त्यांना नर्सरीच म्हणतात. बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी, तिच्याखाली काळ्या पिशव्यांतली रोपे, समोर ओळीने मांडलेल्या कुंड्या, एका कोपऱ्यात लाल माती आणि शेणखताचा ढीग, पाण्याचे ड्रम किंवा टाके, आणि पुष्कळदा मागच्या बाजूलाच राहणारे माळ्याचे कुटुंब, एवढा तिचा पसारा. रस्ता रुंद करायचे ठरले की पहिली खूण या पसाऱ्यावर पडते, कारण तो हटवायला सर्वांत सोपा असतो. पक्के दुकान पाडायला गेले तर मालक न्यायालयात जातो, धार्मिक स्थळाला हात लावला तर लोक जमतात. रोपवाटिकेसमोर महानगरपालिकेच्या प्रवर्तन विभागाची गाडी उभी राहिली, तर संध्याकाळपर्यंत जागा मोकळी होते.

या सोपेपणालाच पुढे युक्तिवादाचे रूप दिले जाते. मांडणी साधारण अशी असते: रस्ता सर्वांचा आणि रोपवाटिका एकाची, तीही बहुधा अतिक्रमणातली; वाहने वाढली, म्हणून रस्ता रुंद हवा; कुंड्या उचलून नेता येतात, त्यामुळे इतर विस्थापितांच्या मानाने यांचे नुकसान थोडे; शहराबाहेर रिंग रोडलगत सगळ्यांना एकत्र जागा दिली की गिऱ्हाईक तिकडे जाईल आणि शहराला एक मोठे रोपांचे केंद्र मिळेल. यातले प्रत्येक विधान ऐकताना पटते. तपासायला घेतले की एकही जसेच्या तसे टिकत नाही.

आधी रस्त्याचे पाहू. शहरातल्या रस्त्याची वाहने वाहून नेण्याची क्षमता त्याच्या सर्वांत रुंद भागावर ठरत नाही, चौकावर ठरते. दोन सिग्नलांच्या मधला रस्ता कितीही रुंद केला, तरी हिरवा दिवा जेवढा वेळ असतो तेवढीच वाहने चौक ओलांडतात. बाकीची रुंद रस्त्यावर अधिक रांगा करून थांबतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे शहरी रस्त्यावरची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची धरली जाते. म्हणजे रोपवाटिकांचा पट्टा काढून मार्गिका मिळवायची, तर तो पट्टा या चौकापासून त्या चौकापर्यंत सलग आणि साडेतीन मीटर रुंद असावा लागतो. प्रत्यक्षात रोपवाटिका तुकड्यातुकड्यांनी असतात. त्यांच्यामध्ये विजेचे खांब, रोहित्रे, जुनी झाडे, बसथांबे, गटाराची झाकणे असतात. हे सगळे जागेवर राहून फक्त रोपवाटिका हटली, तर जे मिळते ते मार्गिकेच्या कामाचे नसते. पुढे रस्ता पुन्हा आवळला जाणार असेल, तर मधल्या ऐंशी-शंभर फुटांच्या मोकळ्या खाचेत वाहन वेगाने जात नाही, तिथे ते उभे केले जाते. नागपुरात रस्त्याकडेच्या कित्येक मोकळ्या पट्ट्यांचे शेवटी असेच वाहनतळ झाले. झाडे गेली, माळी गेला, आणि त्या जागी दिवसभर चारचाकी उभी राहते. वाहतुकीच्या हिताचे नाव घेऊन केलेल्या कामाचा हा निकाल लाजिरवाणा आहे.

रुंदीकरणाने गर्दी सुटते, या गृहीतकालाही नागपूरच्याच अलीकडच्या इतिहासात उत्तर सापडते. सन २००० च्या सुमारास शहरात एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प राबवला गेला. मुख्य रस्ते रुंद झाले, दुभाजक आले, जुनी बांधकामे हटली, आणि तेव्हा त्या कामाचे कौतुकही झाले. त्यानंतर दोन दशकेही पुरती झाली नाहीत, तोच वर्धा मार्गावर मेट्रोच्या खांबांवरच दुमजली उड्डाणपूल बांधावा लागला. ३.१४ किलोमीटर लांबीचा तो पूल २०२० मध्ये वाहतुकीला खुला झाला. २०२४ मध्ये कामठी मार्गावर ५.६७ किलोमीटरचा दुमजली पूल आला. अमरावती मार्गावरही पूल उभे राहिले. रुंदी पुरली असती तर रस्त्याच्या डोक्यावर दुसरा रस्ता उभारण्याची वेळ आली नसती. जगभर वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवे नाही. अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी घेऊन जिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले की रस्त्यांची लांबी आणि मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवर धावणारी वाहनेही वाढतात. रस्ता रुंद झाला की पूर्वी त्या वाटेने न जाणारे लोक जाऊ लागतात, दुचाकीवर भागवणारा चारचाकी काढतो, आणि काही वर्षांत कोंडी पूर्वीच्या जागी येते. कोणताच रस्ता कधी रुंद करू नये, असा याचा अर्थ होत नाही. पण रुंदीकरणाचा फायदा तात्पुरता असेल, तर त्यासाठी कायमचे काय मोडायचे, हे फार जपून ठरवायला हवे.

आता कुंड्या उचलण्याविषयी. सगळ्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत हलकेपणाने बोलला जातो आणि रोपवाटिकेचे सर्वाधिक नुकसान त्याच्याच पोटात दडलेले असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला रोपवाटिका म्हणजे मांडलेल्या वस्तूंची रांग दिसते. रोप मात्र वस्तूसारखे मांडून ठेवलेले नसते, ते तिथे वाढत असते. पॉलिथिनच्या पिशवीत लावलेल्या रोपाची मुळे काही महिन्यांत तळाच्या भोकांतून बाहेर येतात आणि खालच्या जमिनीत शिरतात. म्हणून चांगला माळी अधूनमधून पिशव्या उचलून जागा बदलतो, बाहेर आलेली मुळे छाटतो, आणि रोप सावरेपर्यंत त्याला दाट सावलीत ठेवतो. वर्ष-दीड वर्ष एकाच जागी असलेली मोठी रोपे तर जवळपास जमिनीतलीच झालेली असतात. ती एका दिवसात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायची म्हटले की मुळे तुटतात. ट्रॉलीत उघड्यावर वारा आणि ऊन लागते, पिशव्या एकमेकींवर दाबल्या जाऊन फाटतात, मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटतो. मोगरा, जास्वंद, कडीपत्ता, लिंबू यांची रोपे त्या दिवशी हिरवीच दिसतात. आठ-दहा दिवसांनी पाने गळू लागतात, तोवर पंचनामा झालेला असतो आणि कागदावर नुकसान शून्य असते.

त्याहून मोठे नुकसान मातृझाडांचे. अनेक रोपवाटिकांत विकायला न ठेवलेली काही झाडे थेट जमिनीत लावलेली असतात: बोगनवेलीचा जुना बुंधा, जास्वंदीचे दोन-तीन रंग, मोगऱ्याचा ताटवा, चाफा. फांद्यांची कलमे आणि गुटी त्यांच्यावरच बांधली जातात. वर्षानुवर्षे छाटून, खत घालून तयार केलेले हे झाड म्हणजे त्या रोपवाटिकेचे भांडवल असते. ते कुंडीत नाही, म्हणून पंचनाम्यात येत नाही; जुना वृक्ष नाही, म्हणून वृक्ष प्राधिकरणाच्या नजरेतही भरत नाही. जेसीबीच्या एका फेऱ्यात ते जाते. मातृझाड गेले की त्या रोपांसाठी रोपवाटिकेला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. सगळा माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकने मागवायचा आणि गाडीभाडे जोडून विकायचा, एवढेच हाती उरते. बाहेरून आलेल्या रोपाला विदर्भाचे ऊन सोसायची सवय लावण्यासाठी काही आठवडे जाळीखाली ठेवावे लागते. ती जाळी, तो अनुभव आणि ते पाणी नसेल, तर दमट हवेतून आलेले रोप इथे टिकत नाही.

पाणी हा तर स्वतंत्र विषय आहे. नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख करून द्यायला नको. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. मेच्या अखेरीस येणारा नवतपा रोपवाटिकेसाठी वर्षातला सर्वांत कठीण काळ असतो. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी द्यावे लागते आणि एक वेळ चुकली तरी पिशवीतली कोवळी रोपे माना टाकतात. बोअरवेल, टाके, नळ किंवा टँकरवाल्याशी बांधलेला व्यवहार, या व्यवस्था वर्षांच्या खटपटीने उभ्या राहिलेल्या असतात. ‘पर्यायी जागा दिली’ या तीन शब्दांत त्यातले काहीच येत नाही. पर्यायी जागा म्हणजे पुष्कळदा मुरमाड उघडा भूखंड, जिथे नळजोडणीचा अर्ज अजून कोणत्या तरी टेबलावर असतो. पाणी नसलेल्या जागी रोपवाटिका नेणे म्हणजे ती बंद करणेच होय. फरक एवढाच की बंद पडल्याची जबाबदारी माळ्याच्या माथी येते.

यात वेळेचाही प्रश्न आहे. रोपवाटिकेची खरी विक्री जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत होते. दुसरा छोटा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, तेव्हा शेवंती, झेंडू, डेलिया, पिटुनियाची रोपे जातात. मार्च ते मे हा खर्चाचा काळ: विक्री जवळपास नाही, पाणी आणि मजुरी मात्र सर्वाधिक. रस्त्याची कामे पावसाळ्यापूर्वी उरकायची असतात आणि निधी आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, त्यामुळे जागा मोकळी करण्याची घाई नेमकी याच महिन्यांत होते. रोपवाटिकेने उन्हाळाभर कर्ज काढून जगवलेला माल मृगाच्या तोंडावर विकायला तयार होतो आणि त्याच वेळी तिला उठावे लागते. एका हंगामाचे नुकसान म्हणजे वर्षाचे नुकसान, हे ज्याने शेती जवळून पाहिली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पुढचे विधान बाजाराविषयीचे. सगळ्या रोपवाटिका एका जागी नेल्या की गिऱ्हाईक तिथे जाईल, असे समजणारे घाऊक आणि किरकोळ व्यापाराची गल्लत करतात. घाऊक बाजार हलवता येतो. नागपुरातला फळांचा घाऊक व्यवहार कळमन्याच्या बाजार समितीत गेला. रेल्वे स्थानकालगतच्या भागाला संत्रा मार्केट हे नाव मात्र राहिले. व्यापारी ट्रक भरून माल घेतो, त्यामुळे दहा-बारा किलोमीटर अधिक गेल्याने त्याचे गणित फारसे बिघडत नाही. संत्र्याच्या कलमांचेही असेच आहे. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या पन्हेरीतून जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमे घ्यायला बागायतदार दूरदूरहून येतात, कारण त्यांना एकदाच शेकडो कलमे हवी असतात आणि त्या खरेदीवर पुढच्या कित्येक वर्षांची बाग उभी राहणार असते. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेचे गिऱ्हाईक याहून अगदी वेगळे आहे. ते कचेरीतून किंवा कॉलेजातून घरी परतत असते. तुळशीचे एक रोप, सदाफुलीच्या दोन पिशव्या, पाच किलो गांडूळखत, हे दुचाकीच्या पायाजवळच्या जागेत मावते, म्हणून ते थांबते. चाळीस-पन्नास रुपयांच्या रोपासाठी कोणी आउटर रिंग रोडला जाऊन येत नाही. दूरच्या केंद्रात जाणारे ते बंगल्याची बाग करून घेणारे, हॉटेलवाले, बांधकाम व्यावसायिक. त्यांच्यापुरता व्यवसाय तिथे टिकेल आणि तो काही मोठ्या विक्रेत्यांच्या हाती जाईल. लहान माळी त्यातून गळून पडेल. पाच मजली इमारतीतल्या बाल्कनीत दोन कुंड्या ठेवणारी गृहिणी, निवृत्त शिक्षक, भाड्याच्या खोलीत राहणारी विद्यार्थिनी यांच्या आयुष्यातून रोप विकत घेण्याची सवयच नाहीशी होईल.

पॅरिसने या बाबतीत जे केले ते पाहण्यासारखे आहे. शहराच्या मध्यातला ले आल हा प्रचंड घाऊक बाजार १९६९ मध्ये उपनगरातल्या रंजिसला हलवण्यात आला. पण सीन नदीच्या बेटावरचा, १८०८ पासून भरणारा फुलांचा आणि रोपांचा बाजार शहराच्या पोटातच राहू दिला गेला. तो आजही तिथे आहे आणि २०१४ मध्ये त्याला राणी दुसऱ्या एलिझाबेथचे नाव देण्यात आले. जमिनीचे भाव नागपूरहून कितीतरी चढे असलेल्या शहराला हे परवडले, कारण कोणता बाजार वाटेवर असल्यानेच जगतो, याचा विचार तिथे झाला.

रोपवाटिका नुसते रोप विकत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. पानावर पांढरे डाग का पडले, लिंबाला फुले येऊन का गळतात, गुलाबाची छाटणी कधी करायची, हे विचारायला लोक पिचलेले पान हातात घेऊन येतात आणि माळी पैसे न घेता सांगतो. घरोघरी महिन्यातून एक-दोनदा येणारा माळीही याच ठिकाणी सापडतो. कृषी महाविद्यालय आणि महाराजबाग यांमुळे या शहराला बागकामाची जुनी परंपरा आहे, पण ते ज्ञान सामान्य घरापर्यंत पोहोचवण्याचे रोजचे काम रस्त्याकडेच्या या माणसांनी केले आहे. त्यांची कुठे नोंद नाही, म्हणून ते काम झालेच नाही असे ठरत नाही.

उरतो अतिक्रमणाचा आरोप. तो सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याने बोलणेच संपते. पण रस्त्याकडेच्या सर्व रोपवाटिका एकाच प्रकारच्या जागेवर नाहीत. काही पदपथावर किंवा रस्त्याच्या हद्दीतल्या मातीवर आहेत. काही महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा एखाद्या शासकीय संस्थेच्या रिकाम्या जागेवर परवानगीने बसलेल्या आहेत. काही खासगी भूखंडावर भाड्याने चालतात. तिन्हींना एकच शब्द लावणे कायद्याला धरून नाही.

पहिल्या गटासाठी २०१४ चा पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम आहे. तात्पुरत्या उभारलेल्या बांधणीतून रस्त्यावर, पदपथावर वा इतर सार्वजनिक जागी रोजच्या वापराचा माल विकणारा त्यात पथविक्रेता ठरतो. तुळस, फुलझाडे, कडीपत्ता आणि खत हा घरगुती वापराचा माल आहे, आणि जाळी-बांबूची मांडणी तात्पुरतीच आहे. या कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे शहरातल्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता किंवा हलवता येत नाही. अठराव्या कलमाप्रमाणे सार्वजनिक कारणासाठी हलवायचे असेल तर नगर पथविक्रेता समितीची शिफारस लागते आणि प्रमाणपत्रात नमूद जागेवरून उठवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाणही कायद्यात आहे. २०११ च्या जनगणनेतली नागपूरची सुमारे चोवीस लाखांची लोकसंख्या धरली, तरी ही संख्या साठ हजारांच्या घरात जाते. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल दावा केल्याच्या दिवशीच परत द्यावा लागतो. गोदामात दोन दिवस पाण्याविना पडलेले रोप नाशवंत आहे की नाही, यावर वाद होण्याचे कारण नाही.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वे आहेत. जागेची स्पष्ट आणि तातडीची गरज नसेल तर स्थलांतर शक्यतो टाळावे. करावेच लागले तर नियोजनात विक्रेत्यांना सामील करून घ्यावे. त्यांचे उत्पन्न आणि राहणीमान सुधारेल किंवा निदान पूर्वीइतके राहील अशी व्यवस्था करावी. नव्या पायाभूत प्रकल्पातून उपजीविकेच्या ज्या संधी निर्माण होतात, त्यांत विस्थापितांना स्थान द्यावे. शहराबाहेर नेलेल्या रोपवाटिकेला ‘पूर्वीइतके’ उत्पन्न मिळेल हे दाखवण्याची जबाबदारी, म्हणजे, हलवणाऱ्या यंत्रणेची आहे. आजवरच्या बोलण्यात हा हिशेब कधीच पुढे येत नाही.

कायद्याच्याही आधी सर्वोच्च न्यायालयाने ही दिशा दाखवली होती. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या, म्हणजे ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ मध्ये म्हटले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही आणि हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही नाकारला नाही. रुंदीकरणाच्या बाजूने बोलणारे निकालाच्या या दुसऱ्या भागावर बोट ठेवतात. पण त्याच निकालात पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणालाही हटवू नये असेही सांगितले होते. हटवण्याची परवानगी देतानाही ऋतू पाहावा लागतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले होते. ज्या व्यवसायाचे सगळे गणितच ऋतूंवर चालते, त्याच्या बाबतीत तर हे भान अधिकच हवे.

फुकटच्या जागेवर धंदा करतात, हा आक्षेपही या ओघात येतो. जिथे शुल्क घेतले जात नाही, तिथे ते घ्यावे. कायद्यात शुल्काची तरतूद आहे आणि पावती मिळणार असेल तर रोपवाटिकावाल्यांना ती हवीच असते. शुल्क न आकारणे हा प्रशासनाचा आळस आहे. त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्याचा व्यवसाय उठवता येत नाही.

उड्डाणपुलांखालच्या जागेची सूचना अधूनमधून होते, तिचाही विचार थोडक्यात करायला हवा. गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती यांना दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन लागते. पुलाखाली मनीप्लांट, अरेका पाम, सिंगोनियम जगतील. तेवढ्यावर रोपवाटिका चालत नाही.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला शहराची स्वतःची गरज आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, तोडलेल्या झाडाचे वय जितके असेल तितकी नवी झाडे लावायची असतात, आणि ती सहा ते आठ फूट उंचीची असावी लागतात. कडुनिंबाचे किंवा करंजाचे एवढे रोप पिशवीत तयार करायला दोन-तीन वर्षे सावली, पाणी आणि राखण लागते. रस्ता रुंद करताना झाडे तुटतात, म्हणजे प्रत्येक रुंदीकरणाबरोबर अशा रोपांची मागणी वाढते. आणि त्याच कामात ती रोपे वाढवू शकणाऱ्या जागा व माणसे उठवली जातात. अजनी वन ही शहरातली झाडी वाचवण्यासाठी नागपूरकर रस्त्यावर उतरले, तेव्हाही प्रश्न हाच होता, की भरपाईची झाडे नेमकी कुठून येणार आणि कोण जगवणार. राज्याने २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा मोहिमांत लागवडीचा दिवस साजरा होतो आणि पाणी घालणारा माणूस नेमलेला नसतो. घराच्या दारात विकत आणून लावलेल्या रोपाला तो माणूस पहिल्या दिवसापासून असतो.

मार्च २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत नागरी संस्थांच्या सी-२० परिषदेचे पाहुणे नागपुरात आले. विमानतळाकडून येणारा वर्धा मार्ग तेव्हा रोपांनी आणि रोषणाईने सजवला गेला. शहराला आपली शोभा दाखवायची असते तेव्हा रोपे लागतात, ती लवकर लागतात आणि जवळून लागतात. नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्या मंत्रालयाने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या हरित महामार्ग धोरणात राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पाच्या खर्चातील एक टक्का रक्कम लागवडीसाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे. हेच तत्त्व महानगरपालिकेने आपल्या रस्त्यांना लावले आणि त्या रकमेतून विस्थापित होणाऱ्या रोपवाटिकांनाच दुभाजक व कडेच्या झाडांचे काम दिले, तर पथविक्रेता कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतली संधींची अट कागदाबाहेर येईल.

काही ठिकाणी रोपवाटिकेला मागे सरावेच लागेल, हे मान्य करायला हवे. चौकाच्या वळणावर मांडलेल्या उंच रोपांमुळे बाजूने येणारे वाहन दिसत नसेल, तर तिथला जीव धोक्यात असतो. पदपथ पूर्ण अडवला असेल तर म्हाताऱ्या माणसाला वाहनांच्या मधून चालावे लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटरची निर्वेध जागा हवी, आणि ती रोपवाटिकेसमोरही हवी. पावसाळी नालीवर मातीचा ढीग असेल तर जाळ्या तुंबतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर या बाबतीत ढिलाई करणे कोणालाच परवडणारे नाही. पण या तिन्ही अडचणी काही फूट मागे सरकून, माल आवरून आणि समोर गाड्या थांबवायला जागा आखून सुटतात. त्यासाठी रोपवाटिका बारा किलोमीटर दूर न्यावी लागत नाही.

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये शहरी रस्त्यांच्या आराखड्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बसण्याच्या, झाडांच्या, वाहने लावण्याच्या जागा एकत्र आखल्या. अशा आराखड्यात वाहनमार्ग आणि चालण्याची वाट यांच्यामध्ये एक बहुउपयोगी पट्टा ठेवलेला असतो. झाडे, दिव्यांचे खांब, बाके, विक्रेते यांची जागा त्यात असते. नागपुरात रुंदीकरण खरोखर अटळ असेल तिथे नव्या रस्त्याच्या याच पट्ट्यात, त्याच रस्त्यावर, पूर्वीच्या जागेपासून चालत जाण्याइतक्या अंतरात रोपवाटिकांना आखीव जागा द्यावी. नळजोडणी आणि जाळीचे खांब आधी उभे करावेत, रोपे नंतर हलवावीत. पंचनाम्यात मातृझाडे आणि मुळे जमिनीत गेलेली मोठी रोपे वेगळी नोंदवावीत आणि त्यांची किंमत कृषी महाविद्यालयातील उद्यानविद्येच्या जाणकारांकडून ठरवून घ्यावी. उठवण्याची तारीख शक्यतो मार्च ते मे या काळात नसावी. एप्रिलमध्येच जागा हवी असेल, तर नोटीस दिवाळीनंतर निघावी, म्हणजे नवा माल भरला जाणार नाही आणि असलेला विकून कमी करता येईल.

खासगी जागेवर भाड्याने चालणाऱ्या रोपवाटिकांचा प्रश्न राहतो आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. रस्त्यासाठी जागा घेताना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या १२६ व्या कलमाखाली जमीनमालकाला रोख मोबदल्याऐवजी चटई क्षेत्र निर्देशांक किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो. मालकाला हा व्यवहार सोयीचा असतो, पालिकेलाही रोख रक्कम मोजावी लागत नाही. त्या जमिनीवर पंधरा-वीस वर्षे व्यवसाय केलेल्या भाडेकरूचे नाव मात्र या कागदांत येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, संपादनापूर्वी तीन वर्षे ज्याची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर होती अशा कुटुंबालाही बाधित मानले आहे. विकास हक्काच्या मार्गाने जागा घेतली की ही व्याख्या बाजूला पडते. हे टाळण्यासाठी वेगळा कायदा करावा लागत नाही. विकास हक्काचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी जागेवरील उपजीविकांची यादी करणे, आणि भाडेकरूला स्थलांतराचा खर्च व एका हंगामाचे उत्पन्न देण्याची अट मालकाबरोबरच्या करारात घालणे, एवढे महानगरपालिका आणि सुधार प्रन्यास आपल्या पातळीवर आजही ठरवू शकतात.